शाकंभरीच्या ताटातील नवी भाजी

पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतचा काळ हा शाकंभरी देवीच्या नवरात्राचा काळ होय. आश्विनातील नवरात्राचा थाटमाट या नवरात्रास नाही. घागरी फुंकणे नाही, गरबा नाही, शिलंगणाचे सोने नाही. तथापि ज्या घराण्यांची कुलस्वामिनी बदामीची बनशंकरी आहे, त्यांच्या घरी या दिवसांत घट बसतो. तुळजापुरी भवानीमातेच्या मंदिरातही हे नवरात्र विधिपूर्वक साजरे होते. पौर्णिमेस देवीला नैवेद्य दाखवावयाचा तो मुख्यतः भाज्यांचा. कोठे साठ भाज्यांची प्रथा आहे, तर कोठे एकशे आठ भाज्यांची. पुरणपोळीचे, मोदकांचे, खिरीचे सण आपणांकडे पुष्कळ आहेत. परंतु भाजी हाच ज्याचा महाप्रसाद, असा सण विरळा. म्हणूनच या सणाच्या निमित्ताने भाजीविषयी चार शब्द लिहावेत, असे मनात आले. कीर्तनकाराने स्वयंपाकघरात डोकावू नये असे कोणास वाटल्यास त्यांनी क्षमा करावी. परंतु देव जेथे जेवतो, तेथे कीर्तनकारास मज्जाव असू नये.

प्रथम देवीची कथा स्मरावी. 'देवीमाहात्म्या'च्या अकराव्या अध्यायात देवी स्वमुखाने देवांना भविष्य सांगते. शंभर वर्षे पाऊस पडणार नाही, पृथ्वीवर पाण्याचा थेंब उरणार नाही. तेव्हा मुनिजन स्तवन करतील आणि देवी प्रकट होऊन शंभर नेत्रांनी त्यांच्याकडे पाहील. म्हणून ती शताक्षी. पुढे पाऊस पडेपर्यंत ती स्वतःच्या देहातून उत्पन्न झालेल्या, प्राण तगविणाऱ्या शाकांनी साऱ्या लोकाचे भरणपोषण करील. म्हणून ती शाकंभरी. या ठिकाणी एक गोष्ट विचारी वाचकाने ध्यानात घ्यावी. त्या शाकांची नावे देवीने सांगितलेली नाहीत. अमुक भाजी माझी आणि तमुक भाजी परकी, असा भेद तेथे नाही. जी प्राण धारण करते ती भाजी देवीच्या देहातली, एवढीच काय ती खूण तेथे दिली आहे.

असे असता आज या व्रताची स्थिती काय आहे? दोन टोके दिसतात. काही घरी साठ हा आकडा गाठणे म्हणजेच व्रत, अशी समजूत होऊन बसली आहे. मग कोथिंबीर, कढीलिंब, आले आणि हिरवी मिरची ही वेगवेगळी मोजून संख्या भरली जाते. चमचा चमचा भाजी साठ द्रोणांत मांडली जाते आणि दुसऱ्या दिवशी त्यातील निम्मी कचऱ्याच्या पेटीत जाते. जिने दुष्काळात आपला देह भाजी करून वाढला, तिच्या नावाने भाजी टाकून द्यावी, यापरता विपर्यास कोणता? दुसऱ्या टोकाला असंख्य घरे अशी, की जेथे वर्षाचे बारा महिने बटाटा, फ्लॉवर, भेंडी आणि मटार या चौकडीबाहेर कढई जात नाही. मुले पालेभाजी पाहून ताट सरकवितात, आणि 'आमच्याकडे हे कोणी खात नाही' असे आईवडील मोठ्या कौतुकाने सांगतात.

प्रस्तुत लेखकाचे मत असे, की शाकंभरीची खरी पूजा साठांच्या गणतीत नसून एका नव्या ओळखीत आहे. प्रत्येक घराने या पौर्णिमेस, आजवर आपल्या चुलीवर कधी चढली नाही अशी एक तरी भाजी आणावी, ती साधेपणाने शिजवावी, देवीपुढे ठेवावी आणि सर्वांनी मिळून खावी.

यात गमावण्यासारखे आणि मिळविण्यासारखे फार मोठे आहे, हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. १९७२ सालच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर सुकडी मिळे. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी शिधावाटप दुकानातून मिळे आणि तिच्या भाकरीला लोक नाके मुरडीत. परंतु तीच खाऊन माणसे जगली. भाकरीबरोबर काय, हा प्रश्न आमच्या घरी आजीने सोडविला. विहिरीच्या थारोळ्यापाशी ओल धरून राहिलेली घोळीची भाजी, परसातल्या शेवग्याचा पाला, कोठे तांदुळजाची चार रोपे, असे ती ओच्यात घालून आणी. कोणते पान कोवळे, कोणते जून, कशाला ताक हवे, कशाला नुसते मीठ पुरे, हे तिला कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. ती गेली आणि तिच्याबरोबर ते निम्मे ज्ञानही गेले. गावोगावी हेच झाले आहे. पोथी हरवली तर तिची दुसरी प्रत कोठेतरी सापडते. परंतु या ज्ञानाची प्रत केवळ हातात असते. एक पिढी खाली वाकून पान खुडावयाची थांबली, की ती पोथी कायमची मिटते.

आता आक्षेपाचा विचार करू. पुष्कळ सात्त्विक वृत्तीची मंडळी विचारतात, 'देवाच्या ताटात नवी भाजी कशी ठेवावी? आमच्या परंपरेत ती नाही.' हा प्रश्न श्रद्धेतून येतो, म्हणून त्याचे उत्तरही आदराने दिले पाहिजे. परंतु परंपरा म्हणजे काय, ते एकदा डोळे उघडून पाहावे. उपवासाचा आपला मुख्य आधार बटाटा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ प्रदेशाचा रहिवासी; त्याचे नावच पोर्तुगीज लोकांकडून आपल्याकडे आले. रताळे अमेरिकेचे, भुईमूग अमेरिकेचा, हिरवी मिरची अमेरिकेची. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंदही तिकडचाच. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्यानंतरच्या काळात ही मंडळी एकेक करून आपल्या किनाऱ्यावर आली. म्हणजे ज्या एकादशीला आपण परान्न वर्ज्य मानतो, त्याच एकादशीच्या फराळात परदेशची निम्मी वनस्पतिसृष्टी नांदत असते!

ऋषिपंचमीचे उदाहरण याहून बोलके आहे. बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, असा त्या दिवसाचा कडक नेम. परंतु ऋषींच्या त्या भाजीत घरोघर मक्याचे कणीस आणि लाल भोपळा पडतो, आणि हे दोघेही अमेरिकेचे पाहुणे आहेत. आपल्या जुन्या ग्रंथांतील कूष्मांड म्हणजे कोहळा. लाल भोपळा नंतरचा. ज्याच्या नावात श्रावण आहे तो श्रावणघेवडादेखील तिकडचाच. सीताफळाला आपण जानकीचे नाव दिले, तेही मूळचे अमेरिकेचे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. दसऱ्याला दाराला ज्याचे तोरण बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा. फार काय, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर याच्या नावावरील १२व्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या भोजनाचे विस्तृत वर्णन आहे. त्यात मिरचीचा पत्ता नाही. तिखटपणासाठी मिरी आणि आले. पुढे मिरची आली तेव्हा आपल्या पूर्वजांनी तिला मिरीच्याच नावावरून नाव ठेवले आणि घरात घेतले. भुईतून निघालेल्या अनोळखी शेंगेला मुगाचे नाते लावून भुईमूग म्हटले. पाहुण्याला कुळाचे नाव देऊन पंक्तीत बसवावयाचे, ही आपली परंपरा! तेव्हा 'परंपरेत नाही' असे म्हणून दार लावून घेणारा मनुष्य परंपरेचे रक्षण करीत नसून, तिची वाढ खुंटवीत असतो.

मग शास्त्राला कोणताच निषेध मान्य नाही काय? आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा, गृञ्जन आणि कवक म्हणजे भूछत्रे यांचा द्विजांसाठी निषेध आहे. गृञ्जन म्हणजे गाजर की लसणाचाच एखादा प्रकार, याविषयी टीकाकारांत व कोशकारांत एकमत नाही. ज्यांच्या घरी हा नेम आहे त्यांनी तो अवश्य पाळावा. अळंबी नैवेद्यात नसल्याने काहीही बिघडत नाही. परंतु त्याच ठिकाणी आणखी एक निषेध आहे, आणि तो मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. अमेध्यप्रभव, म्हणजे घाणीत उपजलेले, तेही वर्ज्य होय. शहरांच्या आसपास गटाराच्या पाण्यावर पालेभाज्या पिकविल्या जातात, अशा बातम्या वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत आहेत. ब्रोकोली देवाला चालेल काय, असे विचारणारे सद्गृहस्थ पालकाची जुडी कोणत्या पाण्यावर वाढली हे विचारीत नाहीत. माझ्या अल्प मतीप्रमाणे भाजी कोणत्या देशातून आली यापेक्षा ती कोणत्या पाण्यातून आली, हा प्रश्न अधिक धार्मिक आहे. ओळखीचा शेतकरी, स्वच्छ विहिरीचे पाणी आणि घरी तीन-चार पाण्यांनी धुतलेली भाजी, हेच खरे सोवळे.

साठांच्या ऐवजी किती भाज्या कराव्यात, असे कोणी विचारील. येथे आयुर्वेद वाट दाखवितो. १६व्या शतकातील भावमिश्राने आपल्या 'भावप्रकाश' ग्रंथात शाकाचे सहा प्रकार सांगितले आहेत: पान, फूल, फळ, नाळ म्हणजे दांडा, कंद आणि ओलाव्यातून उपजणारी भूछत्रे. यातील प्रत्येक पुढचा प्रकार आधीच्यापेक्षा पचावयास जड. हाच भावमिश्र असा, की त्याने आपल्या काळी नव्याने आलेला फिरंग रोग आणि त्यावरचे चोपचिनी हे बाहेरून आलेले औषध, दोन्ही आपल्या संस्कृत ग्रंथात नमूद केली. शास्त्रकार नव्याकडे पाठ फिरवीत नव्हते. तेव्हा सहावा प्रकार वगळून पाच भाज्या कराव्यात, प्रत्येक प्रकारची एक. त्यांतील एक तरी घराला नवी असावी.

पानांत या दिवसांत करडईची कोवळी भाजी मिळते. रोपाला काटे धरण्यापूर्वीची पाने घ्यावीत. मूठभर मुगाची डाळ अर्धा तास भिजवावी. कढईत थोड्या तेलावर मोहरी-हिंगाची फोडणी, दोन हिरव्या मिरच्या, मग डाळ आणि बारीक चिरलेली भाजी घालून झाकणावर पाणी ठेवावे व दोन वाफा आणाव्यात. मीठ शेवटी घालावे. कारण पालेभाजी शिजली की आळते आणि आधी घातलेले मीठ हमखास जास्त होते. एरवी या भाजीत लसूण घालतात. नैवेद्याला तो नसला तरी करडईची स्वतःची चव पुरेशी असते. करडई न मिळाल्यास हरभऱ्याचा कोवळा पाला, चाकवत किंवा चंदनबटवा घ्यावा. चाकवत शिजवून घोटावा, ताकात थोडे डाळीचे पीठ कालवून लावावा आणि वरून फोडणी द्यावी.

फुलांत हादगा. फुलाचे देठ आणि आतील केसर काढून टाकावेत, नाहीतर भाजी कडू होते. जिऱ्याची फोडणी, चिरलेली फुले, मीठ आणि एक वाफ. वर ओले खोबरे. याहून अधिक काही करू नये. फळांत मुळ्याच्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या. जी शेंग मोडताच कट्कन तुटते ती कोवळी. तिचे तुकडे करून फोडणीला टाकावेत, वाफेवर शिजवावेत, चिमूटभर गूळ घालावा. दांड्यात नवलकोल. पुष्कळांना तो कंद वाटतो; वस्तुतः तो जमिनीवर वाढणारा फुगलेला दांडाच होय. बाहेरची दोरेदार साल जाडसर काढावी, पातळ फोडी कराव्यात, हरभऱ्याची भिजवलेली डाळ घालून परताव्यात. त्याची कोवळी पाने टाकू नयेत. तीही कोबीप्रमाणे चिरून त्याच भाजीत जातात. कंदात जांभळे कोनफळ. हाताला तेल लावून साल काढावी, फोडी तूप-जिऱ्यावर वाफवाव्यात, दाण्याचे कूट, मीठ आणि लिंबू. सुरण घेतल्यास मात्र चिंच किंवा आमसूल विसरू नये. सुरणात आणि अळूत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांनीच घसा खाजतो. शहरवासीयांना यातील काहीच न मिळाल्यास ब्रोकोली आणावी. तिचे तुरे चार-पाच मिनिटेच वाफवावेत. फार शिजविल्यास तिला उग्र वास येतो. वरून तूप आणि मिऱ्याची पूड. दांडा सोलून घ्यावा, तोही तितकाच गोड लागतो.

या सर्वांत सूत्र एकच आहे. नवी भाजी पहिल्या दिवशी गोड्या मसाल्यात बुडवू नये. घरी आलेल्या पाहुण्याला आपण प्रथम त्याचे नाव विचारतो. आपणच बोलत सुटत नाही. तद्वत् भाजीला स्वतःची चव सांगू द्यावी. दुसरे असे, की प्रथम थोडीच करावी आणि एका घासावर निकाल देऊ नये. लहान मुलाने पहिल्या दिवशी तोंड वेडेवाकडे केले तर त्याला रागावू नये आणि लाच म्हणून बटाट्याच्या काचऱ्याही देऊ नयेत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक घास, मग पुन्हा एक. नामस्मरणाची गोडी एका जपमाळेत लागत नाही. जिभेचेही तसेच आहे. तिसरे, रानभाजी जाणत्या माणसाला दाखविल्यावाचून कधीही खुडू नये. एकसारखी दिसणारी दोन पाने सारखी नसतात. मूतखड्याचा विकार असलेल्यांनी पालेभाज्यांविषयी वैद्यांचा सल्ला घ्यावा. श्रद्धा आणि सावधपणा यांचे वैर नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. साठ भाज्यांचा संकल्प बहुधा घरातील पुरुष सोडतो आणि तो पूर्ण करते घरातील सूनबाई. पहाटे चारपासून एकटी स्त्री निवडते, धुते, चिरते, शिजविते आणि दुपारी सर्वांच्या शेवटी थंड ताटावर बसते. जगन्मातेच्या उत्सवात घरची माताच उपाशी राहावी, हे देवीला मानवेल काय? भाजी निवडणे हे काम असे आहे, की ते पाच जणांनी बसून केले तर काम राहत नाही, सत्संग होतो. आजोबांनी देठ खुडावेत, मुलांनी शेंगा सोलाव्यात, यजमानांनी विळीवर बसता येत नसेल तर सुरीने चिरावे. आजी असेल तर तिला मध्यभागी बसवून विचारावे, 'तुमच्या लहानपणी कोणत्या भाज्या होत्या?' ती सांगेल ती नावे वहीत लिहून घ्यावीत. त्यांतील एक पुढच्या पौर्णिमेला शोधून आणावी. नवी भाजी म्हणजे परदेशचीच असे नव्हे. आपण विसरलेली भाजीही आपल्याला नवीच असते.

आमच्या संतपरंपरेला हे नवे नाही. पंढरपूरपासून फार दूर नसलेल्या अरण गावी सावता माळी होऊन गेले. विठ्ठलाच्या भेटीसाठी त्यांना मळा सोडावा लागला नाही, असे परंपरा सांगते. भाजीच्या वाफ्यातच त्यांना तो भेटला. आणि वनवासात द्रौपदीच्या थाळीला चिकटलेले भाजीचे एक पान खाऊन श्रीकृष्ण तृप्त झाले, तेव्हा दुर्वास मुनी आणि त्यांचे सहस्रावधी शिष्य यांचीही पोटे भरली, ही कथा कोणास ठाऊक नाही? भगवंताने ते पान कोणत्या भाजीचे, म्हणून विचारले नाही. पान होते आणि भाव होता, तेवढ्यावर त्रैलोक्य तृप्त झाले.

तेव्हा, माताभगिनींनो आणि गृहस्थहो, या शाकंभरी पौर्णिमेस द्रोणांची संख्या कमी करा आणि ओळख एकीने वाढवा. मंडईत जाल तेव्हा नेहमीच्या गाळ्यापलीकडे दोन पावले चाला. कोपऱ्यात टोपलीभर अनोळखी पाला घेऊन एखादी आजीबाई बसली असेल. तिला भाजीचे नाव विचारा, कशी करावी तेही विचारा, आणि भावात घासाघीस न करता एक जुडी घ्या. ती जुडी देवीपुढे ठेवून नमस्कार केलात, की शताक्षीचे शंभरही डोळे प्रसन्न होतील, अशी या कीर्तनकाराची श्रद्धा आहे. आई शाकंभरी सर्वांच्या शेतात पाऊस, मळ्यात भाजी आणि ताटात तृप्ती देवो.